मोठीमायचा चुकारा

मालिकेतलं माणूस शनिवारी रात्री नऊला एक मिनिट कमी असताना जिन्यावरून सुटतं आणि सोमवारी रात्री साडेआठला जमिनीला टेकतं. मधला अख्खा रविवार ते हवेत असतं. ही सोय न्यूटनच्या सफरचंदालाही मिळाली नव्हती. आमच्या फुलसावंगीत मात्र याबद्दल कोणाची तक्रार नाही. रविवारी चक्कीवर दळण टाकून बसलेल्या बायका त्या तरंगत्या बाईचं पुढे काय करायचं ते ठरवून मोकळ्या होतात, आणि सोमवारी सहसा तसंच होतं. आमच्या मोठीमायनं, म्हणजे माझ्या थोरल्या काकूनं, मागच्या वेळी एका दमात निकाल देऊन टाकला होता. “पडन ते, पन मरन नाई. तिच्या पायात नवे पैंजन दिसले मले. मरनाऱ्या बाईले कंपनी नवे पैंजन कायले घेऊन देईन?”

मालिकांवर लिहिणारे बरेच शहाणे लोक मालिका न पाहताच लिहितात. मोठीमाय पाहून बोलते, आणि गोष्टीपेक्षा गोष्टीमागची धावपळ तिला आधी दिसते. एखादी नणंद रंगात येऊन भांडत असताना एकाएकी शिकायला परदेशी गेली की मोठीमाय म्हणते, “हिचं लगन ठरलं असन खरोखरचं.” महिनाभरात पेपरात त्या नटीचा अंतरपाटामागचा फोटो येतो. घरचा कर्ता पुरुष आठवडाभर नुसताच फोनवरून बोलायला लागला की तो नाटकाच्या दौऱ्यावर गेलेला असतो, हेही तिनंच शोधून काढलं. स्वयंपाकघरातल्या प्रसंगांवर तिचा खास डोळा. “अर्धा घंटा झाला, एकच पोई लाटून राह्यली ते. तवा त कुठीच दिसत नाई.”

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं गाव. कापूस, सोयाबीन, तूर हा आमचा संसार. पैनगंगेच्या पल्याड नांदेड जिल्हा, आणि माहूरची रेणुका काही फार लांब नाही. गोरेगावची फिल्मसिटी मात्र सहाशेच्या आसपास किलोमीटरवर आहे. तिथे आणि ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या भाड्याच्या बंगल्यांमध्ये जे काही शिजतं ते रात्री आमच्या ताटात पडतं. पूर्वी हे ताट एकच होतं. १९८७ साली ‘रामायण’ लागायचं तेव्हा गावात टीव्ही मोजके, आणि त्यांच्यापुढे बसायला जागा अजून मोजकी. नंतर ‘महाभारत’ आलं. त्याचे संवाद राही मासूम रझांनी लिहिले आहेत, हे आमच्याकडे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना त्याचं काही वावगं वाटलं नाही. भीष्म बोलायला लागला की मंदिराकडची आणि मशिदीकडची दोन्ही आळ्या सारख्याच गप्प व्हायच्या.

मोठीमायच्या अंगातली लेखिका जागी झाली ती भारनियमनाच्या वर्षांत. मालिकेला आणि वीज मंडळाला साडेआठचाच मुहूर्त आवडायचा. नायिका दार उघडायची आणि अंधार व्हायचा. दाराबाहेर कोण होतं, हा प्रश्न सगळ्या आळीला पडायचा. पुसदला कोणाचे तरी नातेवाईक, त्यांच्याकडे वीज असली तर सकाळी फोनवरून कळायचं. नाहीतर मोठीमाय कंदिलाच्या उजेडात उरलेला भाग स्वतःच सांगायची. दाराबाहेर कोण, तो का आला, त्याच्या पिशवीत काय, सगळं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपणात खरा भाग दिसायचा तेव्हा तो तिच्या भागापेक्षा फिका असायचा. बहुतेक वेळा दाराबाहेर नुसता दूधवाला निघायचा. “दूधवाल्यासाठी शुक्रवार वाया घातला,” असं ती म्हणायची. कुठल्या वारी काय दाखवावं, हे शिकवणारे वर्ग मुंबईत पैसे घेऊन चालतात.

तिच्या नातवानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, मालिका लिहायला मुंबईला जातो म्हटल्यावर घरात बैठक बसली. आपल्याकडचं कोणी या धंद्यात गेलं आहे का, हा पहिला प्रश्न. मी महेश एलकुंचवारांचं नाव घेतलं. ते आपल्याच जिल्ह्यातल्या, घाटंजी तालुक्यातल्या पारव्याचे. नागपुरात एकदा सिनेमाला गेले, तिकीट मिळालं नाही, म्हणून विजय तेंडुलकरांच्या ‘मी जिंकलो! मी हरलो!’ या नाटकाला जाऊन बसले आणि तिथून त्यांचं नाटक लिहिणं सुरू झालं, ही गोष्ट सांगितली. पुढे १९८४ साली त्यांच्या ‘होळी’ आणि ‘पार्टी’ या नाटकांवर सिनेमे निघाले, हेही सांगितलं. मोठीमायनं सगळं नीट ऐकून घेतलं. “म्हंजे तिकीट भेटलं असतं त वाया गेला असता बिचारा,” ती म्हणाली. आणि नातवाला परवानगी मिळाली.

मालिकेचं लिखाण तीन हातांतून जातं, हे त्यानं पहिल्या दिवाळीत येऊन समजावून सांगितलं. एक जण कथा पुढे ढकलतो, दुसरा तिची पटकथा करतो, म्हणजे कोण कुठे उभं, कोणी काय ऐकलं, ब्रेक कुठे. तिसरा संवाद लिहितो. आमचा पोरगा तिसरा. अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटं उरतात, आणि ती आठवड्यातले सहा-सात दिवस भरायची असतात. पटकथा त्याच्याकडे रात्री जेवणं झाल्यावर येते. सकाळी सेटवर कलाकारांच्या हातात कागद पडले पाहिजेत. मध्ये जी रात्र उरते तीत लिहायचं. पहाटे फोन येतो की सासऱ्यांचं काम करणाऱ्यांना ताप आहे. मग सासऱ्यांची वाक्यं निम्मी आत्याबाईंना आणि निम्मी भिंतीवरच्या फोटोला. तयार भागांचा साठा असतो त्याला हे लोक बँक म्हणतात. त्या बँकेत चार भाग शिल्लक असले की माणसाला झोप लागते, असं तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं पाहता खातं बहुधा रिकामंच होतं.

आणि हे किती दिवस? ई टीव्ही मराठीवर २००१ साली सुरू झालेले सासूचे चार दिवस २०१३ साली संपले. भाग भरले तीन हजारांच्या वर. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर आहेत हे खरं, पण माउलींना नेवाशात दर गुरुवारी आकडे येत नव्हते. मालिकावाल्यांना येतात. देशभरात पन्नासेक हजार घरांत यंत्रं बसवलेली आहेत. त्या घरांनी काय पाहिलं यावरून कोणाचं लग्न लांबवायचं आणि कोणाला अपघात करायचा हे ठरतं. २०१५ पासून या मोजणीत खेडीही धरली जातात. त्याआधी मोठीमायची आवड-निवड देशाच्या हिशेबात नव्हतीच. यंत्र कोणाच्या घरी आहे हे गुप्त ठेवतात. तिला संशय आहे तो आमच्या डाव्या हाताच्या घराचा. त्या घरात रात्रंदिवस कुस्त्या लागलेल्या असतात, आणि तिची आवडती मालिका बंद पडली की ती त्या घराशी आठ दिवस बोलत नाही.

पण तिला तो धंदा खरा कळला तो पैशाची गोष्ट निघाली तेव्हा. पोरगा सांगत होता की महिनाभर भाग लिहायचे, मग बिल लावायचं आणि मग नव्वद दिवस थांबायचं. मोठीमाय वाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली, “म्हंजे चुकारा.”

आमच्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी आली. कापूस सरकारच्या केंद्रावर न्यायचा, रात्र-रात्र गाड्यांच्या रांगेत काढायची, काट्यावर वजन, ग्रेडरनं लावलेली प्रत, हातात पावती. आणि मग चुकाऱ्याची वाट. तो यायचा हप्त्याहप्त्यानं. किराणा दुकानदार, बियाण्याचा व्यापारी आणि ठरलेली सोयरीक, यांना मात्र हप्ते मान्य नसायचे. मोठीमायनं नातवाची उलटतपासणी घेतली ती त्या अनुभवावरून. “ग्रेड कोन लावते तुह्या मालाले?” चॅनेल. “काट्यापाशी तुले उभं राहू देतेत का?” नाही. “घट धरतेत?” धरतात, भाग कापून अर्धा वापरला तर अर्ध्याचाच विचार होतो कधीकधी. “अन् जिनिंगवालाच पयाला त?” यावर पोरगा गप्प बसला, कारण एक निर्माता नुकताच तसा पळाला होता. मालिका मधूनच आवरली, कार्यालयाला कुलूप, आणि याच्या कागदावर पावत्या. मोठीमायनं त्याच्या ताटात आणखी एक करंजी टाकली. त्या घटकेपर्यंत ती त्याला शहरात सुखाची नोकरी करणारा समजत होती. त्यानंतर तो तिच्या लेखी शेतकरी झाला.

तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला ‘मंथन’ १९७६ साली आला, तो गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला. ही गोष्ट मी त्या वेळी सांगितली. आमच्याकडचा कापूसवालाही रसिकतेत कमी नव्हता, पण ज्या हंगामात दोन रुपये द्यायचे त्याच हंगामाचा चुकारा अडकलेला असायचा. आमच्या दुःखावर चांगला सिनेमा निघायला २००९ साल उजाडलं. सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’. लेखन त्यांचंच. त्यात वावर हे वावरासारखं दिसतं आणि माणसं आभाळाकडे पाहतात तशीच पाहतात. मालिकांमध्ये शेतकरी असतात, पण त्यांची कपाशी कोणी वेचत नाही. घरात पाच सुना. एकीच्याही बोटांना बोंडाच्या टोकाचा ओरखडा नाही. पोराला मी हे ऐकवलं तर म्हणाला, “काका, वेचणीचा सीन मी लिहिला होता. बाहेर शूटिंगला जायला बजेट नाही म्हणाले. मग मी तो दिवाणखान्यात आणला.” दिवाणखान्यात कपाशी कशी वेचली हे विचारायचं मी टाळलं.

बोलीचंही असंच. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपूरची निघाली तेव्हा, २०१६ साली, आमच्या घरात जिल्हा परिषदेची निवडणूक जिंकल्यासारखा आनंद झाला होता. मोठीमायनं तिला पाच वर्षं सांभाळली, तिच्या नवऱ्याला शिव्या दिल्या. आता तिच्या देखादेखी कुठल्याही मालिकेतल्या स्वयंपाकिणीला, पहारेकऱ्याला आणि विनोदी मामाला ‘ले’ आणि ‘बे’ वाटून देतात. घरधनी मात्र शुद्ध बोलतो. आमचा पोरगा अशा मामाची वाक्यं लिहितो आणि त्याच्या दर वाक्याला दोन ‘बे’ वाढवून ती परत येतात.

लेखकाचं नाव पडद्यावर येतं, पण ते यायच्या सुमारास खालून वॉशिंग पावडरीची पट्टी सरकत असते. मोठीमाय अक्षरं जुळवून वाचते. ‘संवाद’ एवढं वाचून होतं तोवर नाव निघून गेलेलं असतं. तिनं नातवाचं नाव टीव्हीवर अजून पुरतं वाचलेलं नाही. १९७३ साली ‘जंजीर’ लागला तेव्हा पोस्टरांवर लेखकांचा उल्लेखच नव्हता, म्हणून सलीम-जावेद यांनी रंगारी धाडून मुंबईभरच्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली, हे तिला सांगितलं तर तिनं तात्काळ विचारलं की आपल्या टीव्हीच्या काचेवर रंग टिकेल का. पोराकडे पटकथालेखकांच्या संघटनेचं ओळखपत्र आहे. २०१२ साली कायदा बदलला, लेखकाला मानधनापलीकडे रॉयल्टीचाही हक्क मिळाला. तो कायदा करारातल्या कोणत्या कलमाखाली जाऊन झोपतो, हे पाहायला वकील लागतो, आणि वकील नव्वद दिवस थांबत नाही.

तिकडे अमेरिकेत २०२३ साली पडदालेखकांनी संप केला, १४८ दिवस. मागण्यांत एक मागणी यंत्राकडून लिहून घेण्याला आवर घालण्याची. पोरगा हे मोठ्या अभिमानानं सांगत होता. मोठीमायला यंत्राचं काही वाटलं नाही. सरकी काढायचं यंत्र तिनं पाहिलेलं आहे. तिचा प्रश्न वेगळाच होता. “मंग तेवढे दिवस तिकडच्या बाया काय पाह्यत होत्या?”

खरं म्हणजे याचं उत्तर तिच्याकडेच होतं. २०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरणं थांबली, आणि मार्च संपता संपता दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा लावलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा चित्रीकरणबंदी आली तेव्हा अनेक मालिकांची माणसं गोव्याला, सिल्वासाला, हैदराबादला हलली. मग लेखकांनी काय करावं? एका घराण्याला नवस फेडायला गोव्याला नेलं, दुसऱ्याला हवापालटाला, तिसऱ्याला मालमत्तेच्या भानगडीत. महाराष्ट्रातली एकमेकांना न ओळखणारी सगळी दुःखी कुटुंबं एकाच आठवड्यात नारळीच्या झाडांखाली रडताना दिसू लागली. मोठीमाय म्हणाली, “एसटीनं येकच गाडी सोडली असन.”

गेल्या पोळ्याला पोरगा आला. सुट्टी मिळालेली नव्हती. तो लॅपटॉप घेऊन आला होता. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी चाललेली, बैलांच्या मानेला तूप-हळद लागत होती, आणि हा माळवदावर, कारण रेंज तिथेच येते. खाली मोठीमाय पुरणाची डाळ निवडत होती. रात्री एक प्रसंग पाठवायचा होता. घरातल्या पापिणीचं, चुलत सासूचं, खोटं सुनेनं पकडलेलं आहे. आता सून काय म्हणेल? चॅनेलनं दोनदा परत पाठवलं होतं, ‘धार हवी’ म्हणून. मोठीमाय त्याला दुपारपासून सांगत होती की त्या चुलत सासूलाच मारून टाक, झंझट मिटते. “आजी, चॅनेल नाही म्हणते.” “कोन चॅनेल? लाव त्याले फोन, मी बोलतो.”

शेवटी तो वरून ओरडला, “आजी, तुह्या चुलत सासूनं खोटं बोललं अन् तू पकडलं, त काय म्हणशील?”

मोठीमायनं मान वर केली नाही. डाळीतला खडा उचलून बाजूला टाकला. “म्हनीन, तुह्यं खोटं मले आजच समजलं असं नाई बाई. आज फक्त माह्या आंगात बोलाची ताकद आली.”

वर टकटक थांबली. मीही थांबलो. पन्नास वर्षं एका घरात राहून ती कोणाबद्दल बोलली होती याचा मी अंदाज बांधायला लागलो आणि लगेच सोडून दिला. आमची भावकी मोठी आहे.

पंधरा दिवसांनी ते वाक्य आलं. शुद्ध होऊन आलं, ‘मले’चं ‘मला’ झालेलं, मागे ढगांचा गडगडाट, आणि कॅमेरा तीनदा पुढे धावला. पण बोलली सून नव्हे, चुलत सासूच. चॅनेलला वाटलं की एवढं धारदार वाक्य सुनेच्या तोंडी शोभणार नाही, ती सोशिक आहे. त्यांनी पटकथा उलटी केली, खोटं सुनेचं केलं आणि वाक्य पापिणीला देऊन टाकलं. मोठीमाय खाटेवरून उठून उभी राहिली. “ज्या बाईले मी मारून टाक म्हनलं, तिच्याच तोंडात माह्यं बोलनं घातलं!” त्याच रात्री फोन लागला. पोरानं गुरुवारपर्यंत थांब म्हणून सांगितलं, आणि गुरुवारी त्यानंच फोन केला. आकडा वर गेला होता. ती नटी चॅनेलची लाडकी झाली. आता निदान सहा महिने तिला कोणी जिन्यावरून ढकलत नाही.

“तुह्या वाक्यानं वाचली ते, आजी.”

मोठीमायनं थोडा वेळ मनात हिशेब केला. “मंग माह्या चुकाऱ्याचं काय?”

“नव्वद दिवस लागतीन.”

आता तो फोनवर काही विचारायला लागला की ती आधी भाव विचारते, आणि भाव कळल्याशिवाय सासवांबद्दल एक अक्षर बोलत नाही.